दादा कोंडके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादांचा विषय निघाला की चित्रपटांची नावं एकमेकांना ऐकवली जातात, हशा पिकतो आणि गप्पा दुसरीकडे वळतात. दादा नेमके कोण होते, कुठून आले, त्यांना एवढी माणसं का पाहायला जायची, याबद्दल मग कोणी विचारत नाही. जे विचारतात, त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा सारखेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

दादांचं मूळ नाव काय? ते मूळचे कुठले?

कृष्णा खंडेराव कोंडके. जन्म 8 ऑगस्ट 1932, मुंबईतल्या नायगावचा. घराणं मूळचं भोर तालुक्यातल्या इंगवलीचं, म्हणजे पुणे जिल्ह्यातलं. पोटापाण्यासाठी मुंबई गाठून गिरणीच्या आधाराने चाळीत स्थिरावलेल्या असंख्य कुटुंबांपैकी हे एक.

त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. गिरणगावातला माणूस वर्षाचे अकरा महिने भोंग्यावर चालायचा, पण जत्रेला, शिमग्याला, गणपतीला गावाकडे पळायचा. त्याची बोली गावची होती आणि रोजचे व्यवहार शहराचे. दादा त्याच माणसांत वाढले. गावरान बोली त्यांना भूमिकेसाठी शिकावी लागली नाही, आणि शहरी माणूस गावच्या माणसाकडे कुठल्या नजरेने पाहतो हेही त्यांनी रोज अनुभवलं होतं.

ते अभिनयाकडे कसे वळले?

सरळ वाटेने नाही. तरुणपणी चाळीतल्या मारामाऱ्यांत ते पुढे असायचे. मग थोड्याच काळात घरातली जवळची माणसं एकामागोमाग गेली आणि त्या धक्क्याने ते पार मिटून गेले. त्यातून बाहेर पडून लोकांना हसवायचं हे त्यांनी ठरवून स्वीकारलं, असं ते पुढे मुलाखतींतून सांगत. 'अपना बाजार'मध्ये नोकरी, नायगावच्या बँडपथकात वाजवणं आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम, असा तो काळ होता.

बँडपथकाची गोष्ट अनेक जण एका ओळीत उरकतात. पण दादांच्या बोलण्यातला ताल तिथलाच आहे. त्यांचं वाक्य कधी अर्ध्यावर थांबतं, कधी शेवटचा शब्द पडायला क्षणभर उशीर होतो, आणि हे सगळं मोजून होतं. ज्याच्या अंगात ठेका मुरलाय त्यालाच असं थांबता येतं.

सेवा दलाच्या कलापथकाने त्यांना आणखी एक दिलं: संगत. त्या काळात सेवा दलाच्या पथकांनी महाराष्ट्राला शाहीर दिले, नट दिले. निळू फुले आणि राम नगरकर त्याच वाटेवरचे. पुढे दादांनी स्वतःची नाटक पार्टी काढली. 'खणखणपूरचा राजा' या लोकनाट्यातलं त्यांचं काम लोकांच्या नजरेत भरलं आणि लेखक वसंत सबनीस यांच्याशी त्यांचं जमलं.

'विच्छा माझी पुरी करा' एवढं का गाजलं?

या प्रश्नाला थोडा वेळ द्यायला हवा, कारण दादांना समजून घ्यायचं तर सिनेमाच्या आधी इथे यावं लागतं.

सबनीसांचं हे लोकनाट्य 1965 साली रंगमंचावर आलं. मुळात तो 'छपरी पलंगाचा वग', म्हणजे तमाशातलं कथानाट्य. कथा म्हटली तर एवढीशी. राज्यातली कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला ती मिळते, पण प्रधानाला तिथे स्वतःचा मेहुणा बसवायचा असतो. म्हणून तो मैनावती नावाच्या नाचणारणीला हाताशी धरतो. ती हवालदाराला नादाला लावते आणि हट्ट धरते की राजाचा छपरी पलंग मला आणून दे. आता ज्याने चोर पकडायचे त्यानेच राजवाड्यातून पलंग चोरायचा!

वशिला, बदली, बढती, मेहुण्याची सोय, सरकारी खुर्ची. साठच्या दशकातल्या प्रेक्षकाला हा राजा आणि हा प्रधान कोण, हे सांगावं लागत नव्हतं.

त्यात बांधणी अस्सल तमाशाची. आधी गण म्हणजे गणपतीची आळवणी, मग गवळण, मग बतावणी म्हणजे विनोदी संवाद, मग वग. गवळणीत बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची मावशी, त्यांना अडवणारा कृष्ण आणि पेंद्या. हे सगळं प्रेक्षकाला तोंडपाठ असतं. त्यामुळे काय घडणार यापेक्षा आज कसं घडणार, याची त्याला उत्सुकता असते. सोंगाड्याची, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाची, परीक्षा इथेच होते. संहिता हातात असते, पण त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी, त्या गावातला पुढारी, पहिल्या रांगेत उशिरा येऊन बसलेला माणूस, हे सगळं त्याने जागच्या जागी खेळात ओढायचं असतं. दादा यात वाकबगार होते. त्यामुळे आज पाहिलेला प्रयोग आणि पुढच्या आठवड्यात पाहिलेला प्रयोग एक नसायचा आणि लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढायचे. दीड हजारांहून जास्त प्रयोग झाले. दादांचा त्यातला अखेरचा प्रयोग 1975 साली हैदराबादला झाला.

वसंत सबनीसांचं श्रेय इथे ठासून सांगायला हवं. तमाशाचा रांगडेपणा न घालवता त्याला नाट्यगृहात आणणं हे लेखणीचं काम होतं. पुढे 'अशी ही बनवाबनवी'चे संवादही त्यांनीच लिहिले. मराठी माणूस गेली कित्येक वर्षं ज्या वाक्यांवर हसतोय, त्यांतली बरीचशी या एकाच माणसाची आहेत.

सिनेमात त्यांना कोणी आणलं?

'विच्छा'चे प्रयोग पाहायला आशा भोसले यायच्या. त्यांनी दादांचं नाव दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना सुचवलं. भालजींनी त्यांना 'तांबडी माती'त घेतलं. 1969 सालच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

दादांनी तिथेच थांबून दुसऱ्यांच्या चित्रपटांत विनोदी भूमिका करत राहायचं, असाही रस्ता होता. त्या काळी विनोदी नटाचं काम म्हणजे नायकाचा मित्र किंवा घरगडी. दादांनी तो रस्ता घेतला नाही. 1971 साली त्यांनी स्वतः निर्माते होऊन 'सोंगाड्या' काढला. लेखन पुन्हा सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं, नायिका उषा चव्हाण. आणि नायक स्वतः दादा. रूढ अर्थाने देखणा नसलेला, गबाळा दिसणारा, आईला घाबरणारा नाम्या पडद्याच्या मधोमध उभा राहिला. माझ्या मते दादांच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

'सोंगाड्या' आणि कोहिनूर थिएटरचा किस्सा खरा आहे का?

खरा आहे. दादरच्या कोहिनूरमध्ये 'सोंगाड्या' लागायचा होता, पण देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी थिएटर हिंदी चित्रपटाला द्यायचं ठरलं. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले. शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढे तो तिथे जो चालला, तो चाललाच.

या किश्श्यात शिवसेनेचाच भाग मोठा करून सांगितला जातो. थिएटर मिळवून देणं आंदोलनाने जमलं असेल. पंचवीस आठवडे खुर्च्या भरणं मात्र आंदोलनाच्या हातात नसतं. तिकीट काढणारा प्रेक्षक परळ, लालबाग, नायगावातून पाळी संपवून येत होता आणि घरच्यांना घेऊन पुन्हा येत होता.

गिनीज बुकातला विक्रम नेमका कशाचा?

लागोपाठ नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाचा. रौप्यमहोत्सव म्हणजे सलग पंचवीस आठवडे. 'सोंगाड्या' (1971), 'एकटा जीव सदाशिव' (1972), 'आंधळा मारतो डोळा' (1973), 'पांडू हवालदार' (1975), 'तुमचं आमचं जमलं' (1976), 'राम राम गंगाराम' (1977), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (1978), 'ह्योच नवरा पाहिजे' (1980) आणि त्यानंतर 'आली अंगावर'. आज चित्रपट तिसऱ्या आठवड्यात टिकला तरी पोस्टरवर छापतात. त्या हिशेबाने हा आकडा पाहावा.

शिवाय हा हिशेब शहरातल्या थिएटरांचा. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमे दाखवले जायचे. तिथे दादांचे चित्रपट वर्षानुवर्षं फिरले, त्याची नोंद कुठल्याच पुस्तकात नाही.

ती ढगळ हाफ पँट आणि लोंबणारी नाडी कशासाठी?

पडद्यावर पाय ठेवताक्षणी माणूस कळावा म्हणून. ढगळ चड्डी, पुढे लोंबणारी नाडी, अंगात बंडी, चेहऱ्यावर भाबडेपणा: हा माणूस कोणालाच धोकादायक वाटत नाही. पाटील, सावकार, फौजदार, शहरातला साहेब, सगळे त्याला हसण्यावारी नेतात. मग तो साधा म्हणून एखादा असा प्रश्न विचारतो की समोरच्याची पार बोलती बंद होते. तमाशातल्या सोंगाड्याने राजाला जे बोलायचं, ते नाम्या, सदाशिव आणि पांडू साहेबाला बोलतात.

दादांचे चित्रपट अश्लील होते का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचं उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

द्व्यर्थी बोलणं दादांनी शोधून काढलेलं नाही. गवळणीत, बतावणीत, सवाल-जवाबांत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. लग्नाच्या उखाण्यांत, शेतावर कामाला आलेल्या बायकांच्या गाण्यांत आहे. बोलणारा साध्या अर्थाने बोलतो आणि ऐकणारा दुसरा अर्थ लावतो. बोलणाऱ्याने शेवटपर्यंत चेहरा कोरा ठेवायचा, हा त्या खेळाचा नियम. दादांइतका कोरा चेहरा मराठी पडद्यावर दुसऱ्या कोणाला साधलेला नाही. सेन्सॉर मंडळापुढे त्यांनी हाच मुद्दा लढवला: शब्दांत वाईट काय आहे ते दाखवा. कागदावरचं वाक्य बिनचूक साधं असायचं आणि कात्री कुठे लावायची, हा प्रश्न मंडळाला पडायचा.

मध्यमवर्गीय समीक्षेने त्यांना नाकं मुरडली, त्यात विनोदाचा भाग कमी आणि प्रेक्षकाचा जास्त होता, असं मला वाटतं. कामगार, शेतकरी, हमाल, त्यांच्या घरच्या बायका एकत्र बसून खदखदून हसतायत, हे दृश्य काही जणांना सोसत नव्हतं.

पण म्हणून सगळं माफ, असंही नाही. सुरुवातीच्या चित्रपटांत द्व्यर्थी बोलणं माणसाच्या भाबडेपणातून येतं, कथेत मुरलेलं असतं. नंतर ते चित्रपटाच्या नावापासून सुरू होऊन नावातच संपू लागलं. 'सोंगाड्या'तली कलावती तमाशात नाचते, पण तिला स्वतःचं मन आहे, तिचा नाम्यावर जीव जडतो. शेवटच्या काळातल्या काही चित्रपटांतली बाई फक्त विनोदासाठी उभी केलेली असते. हे पाहताना वाईट वाटतं, आणि दादा आवडतात म्हणून तर जास्त वाटतं.

एक गोष्ट त्यांच्यावर शिक्का मारणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. 'अंजनीच्या सुता तुला रामाचं वरदान' हे गाणं हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळात आजही हमखास लागतं. ते 'तुमचं आमचं जमलं'मधलं आहे, महेंद्र कपूर यांनी गायलंय आणि लिहिलंय दादा कोंडके यांनी.

त्यांच्याबरोबर नेहमी काम करणारी मंडळी कोण?

दादांनी तमाशाच्या फडासारखीच चित्रपटांची मंडळी बांधली आणि 'कामाक्षी' या आपल्या संस्थेखाली ती टिकवली. नायिका बहुतेक वेळा उषा चव्हाण. त्यांचा ठसका आणि दादांचा गबाळेपणा यांची जोडी जमली, कारण त्या दादांपुढे कधी दबून राहिल्या नाहीत. गाणी महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजात, सुरुवातीच्या काळात जयवंत कुलकर्णींच्याही. 'सोंगाड्या'त नाम्याची करारी आई झालेल्या रत्नमाला हे या चित्रपटांचं आणखी एक मोठं बळ. पडद्यावर दादांनी 'आये' म्हणून हाक मारली की थिएटरातल्या प्रत्येकाला आपली आई आठवायची. पोरगा तमाशाच्या नादी लागला म्हणून त्याला घराबाहेर काढणारी ही आई नुसती कडक नाही. तिचा कडकपणा कुठून येतो हे रत्नमालांच्या डोळ्यांत दिसतं.

अशोक सराफ यांना पहिली संधी दादांनी दिली का?

पहिली नाही. अशोक सराफ त्याआधी नाटकांत आणि थोड्याफार चित्रपटांत होते. पण महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते 'पांडू हवालदार'मुळे. भोळा पांडू आणि बेरका सखाराम हवालदार अशी ती जोडी. दादांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. निर्माता, दिग्दर्शक, नायक सगळं आपणच असताना समोरच्या नव्या नटाला तेवढीच जागा मोकळी सोडायची, हे फार कमी विनोदी नटांना जमलंय. सखाराम लाच खाताना जितका रंगतो, तितका पांडूचा भाबडेपणा उठून दिसतो, हे दादांना ठाऊक होतं.

'राम-लक्ष्मण' हे नावही दादांनीच दिलं?

हो. नागपूरचे विजय पाटील आणि त्यांचे जोडीदार सुरेंद्र हेंद्रे या दोघांना दादांनी 'पांडू हवालदार'साठी संगीत करायला घेतलं आणि त्यांचं राम-लक्ष्मण असं बारसं केलं. थोड्याच काळात, 1976 साली, 'राम' म्हणजे हेंद्रे गेले. विजय पाटलांनी जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत सोडलं नाही. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' या चित्रपटांच्या संगीतकाराचं पडद्यावरचं राम-लक्ष्मण हे नाव म्हणजे तेच. पाटील यांचं 2021 साली नागपूरला निधन झालं.

त्यांनी हिंदीत काम केलं होतं का?

केलं. 'तेरे मेरे बीच में', 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में', 'आगे की सोच'. गुजरातीतही 'पांडू हवालदार'चा 'चंदू जमादार' झाला. हिंदीत नावं गाजली, पण मराठीतली मजा आली नाही. दादांचा विनोद बोलीच्या वळणावर उभा होता. ते वळण काढलं की उरलेल्या वाक्यात नुसती चावटी राहते.

उलट दिशेने मात्र एक कथा चांगली गेली. खेड्यात वाढलेला पोरगा जन्मदात्या श्रीमंत आईबापांच्या शहरी घरात येतो, ही 'एकटा जीव सदाशिव'ची गोष्ट. 2000 साली गोविंदाचा 'जिस देश में गंगा रहता है' आला, तो याच्यावरूनच.

राजकारणात होते का?

शिवसेनेच्या व्यासपीठावर ते उघडपणे असायचे. ग्रामीण महाराष्ट्रात सेना नवी होती तेव्हा दादांच्या सभांना तोबा गर्दी व्हायची. 'विच्छा'मध्ये सत्ताधारी काँग्रेसच्या पुढाऱ्यांना ते चिमटे काढत आलेच होते. सभेत तेच उघडपणे केलं.

त्यांचं निधन कधी झालं?

14 मार्च 1998 रोजी, मुंबईत, हृदयविकाराच्या झटक्याने.

त्यांच्या आयुष्याबद्दल वाचायचं तर काय वाचावं?

'एकटा जीव'. दादांनी सांगितलेली ही आयुष्यकथा अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केली आहे. बोलणं मोकळं आहे, काही ठिकाणी फारच मोकळं. स्वतःची बाजू सांगणारा माणूस स्वतःची बाजू सांगतोय, हे लक्षात ठेवून वाचावं. पण चाळीचे दिवस आणि घरातले मृत्यू यांविषयीची पानं वाचल्यावर त्यांच्या विनोदाकडे पाहण्याची नजर बदलते.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

'सोंगाड्या'पासून, आणि शक्यतो दोन-चार जणांनी मिळून. मोबाइलवर एकट्याने तुकडे पाहून दादा कळत नाहीत. या चित्रपटांत वाक्यानंतर मुद्दाम जागा सोडलेली आहे, थिएटरातल्या हशासाठी. एकटा माणूस पाहतो तेव्हा ती जागा रिकामी वाटते आणि चित्रपट संथ आहे असं तो म्हणतो.

त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव', मग 'पांडू हवालदार'. गाण्यांची आवड असेल तर 'तुमचं आमचं जमलं' आणि 'राम राम गंगाराम'. 1990 नंतरचे 'येऊ का घरात', 'सासरचं धोतर' वगैरे सगळ्यात शेवटी. साठीला टेकलेल्या माणसाने त्याच पोरकट भाबडेपणाने नाचणं तिथे खटकतं. कॅमेऱ्याला वय लपवता येत नाही, रंगमंचावर ते लपलं असतं.

आणि 'विच्छा'? ते आता पाहायला मिळतं का?

दादांनंतर हवालदार रंगवला तो विजय कदम यांनी. त्यांनी दादांची नक्कल केली नाही. आपल्या काळातल्या बातम्या, आपल्या काळातले पुढारी वगात आणले आणि मूळ बांधणी राखली. 2024 साली तेही गेले. संहिता मात्र छापील आहे आणि वाचायला मिळते. हौशी नाटक मंडळाने ती उचलायची ठरवली, तर एक करावं: दादांच्या चित्रफिती पाहून तालमी सुरू करू नयेत. त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र घेऊन बसावं. रिकाम्या झालेल्या कोतवालाच्या जागेवर कोणाचा मेहुणा बसू पाहतोय, ते त्यात सापडेल.